कुलूप बाहेरून, माणसं आत: कारखान्यातून सुखरूप बाहेर पडण्याची वाट

भिवंडी-मालेगावचे लूम, सोलापूरचे टॉवेलचे कारखाने, मदनपुऱ्यातले बॅगवाले, धारावी-गोवंडीतली चामड्याची आणि जरीची कामं, गावोगावच्या बेकऱ्या. आपली कितीतरी घरं या कामांवर चालतात. घरातला कुणी कारीगर असतो, कुणी कारखानदार, आणि पुष्कळदा दोघंही एकाच छपराखाली राहतात. त्यामुळे 'इमर्जन्सी एक्झिट' हा काचेच्या मोठ्या ऑफिसांचा विषय आहे असं म्हणून तो बाजूला ठेवता येत नाही.

मुळात इमर्जन्सी एक्झिट म्हणायचं कशाला? हिरव्या पाटीवर धावणारा माणूस काढला म्हणून काही ते दार एक्झिट होत नाही. आमची कसोटी साधी आहे. आतला माणूस कुणालाही न विचारता, किल्लीशिवाय, अंधारात चाचपडत ते दार उघडू शकतो का? उघडल्यावर तो मोकळ्या आभाळाखाली पोचतो का, की मालाच्या दुसऱ्या खोलीत? आणि हे सगळं भर दुपारी जितकं खरं आहे तितकंच पहाटे तीन वाजताही खरं आहे का? तिन्ही प्रश्नांना 'हो' असेल तरच तो बाहेर पडण्याचा मार्ग. आपल्याकडचे बहुतेक गाळे तिसऱ्या प्रश्नाला नापास होतात.

आगी पहाटेच्या

गेल्या काही वर्षांतल्या आगी तारखेप्रमाणे मांडल्या की एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते. १८ डिसेंबर २०१७ ला मुंबईत साकीनाक्याच्या खैरानी रोडवर फरसाणच्या दुकानाला पहाटे आग लागली, १२ कामगार गेले. ९ मे २०१९ ला पुण्याजवळ उरुळी देवाची इथे साड्यांच्या दुकानाला पहाटे आग लागली. आत झोपलेले ५ कामगार मेले आणि दुकानाला कुलूप बाहेरून होतं. त्याच वर्षी ८ डिसेंबरला दिल्लीच्या अनाज मंडीत बॅगा आणि इतर वस्तू बनवणाऱ्या चार मजली इमारतीत पहाटेच ४३ जणांचा जीव गेला. त्यात बिहारहून आलेली मुस्लिम तरुण मुलं मोठ्या संख्येने होती, आणि बहुतेकांना ज्वाळांनी नाही, धुराने मारलं. ३१ डिसेंबर २०२३ ला मध्यरात्रीनंतर वाळूज एमआयडीसीत हातमोज्यांच्या कारखान्यात आत झोपलेले ६ कामगार गेले. १८ मे २०२५ ला सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला पहाटे आग लागली आणि ८ जण गेले.

सोलापूरची घटना आम्ही मुद्दाम शेवटी ठेवली आहे. तिथे मालक वाचला आणि कामगार मेला असं झालं नाही. मालक, त्यांच्या घरातली माणसं, एक लहानगं मूल आणि कामगार, सगळे एकाच इमारतीत होते आणि एकत्रच गेले. कारखान्याचा दरवाजा हा फक्त कामगारांच्या हक्काचा विषय आहे असं ज्या सेठ लोकांना वाटतं त्यांनी ही घटना पुन्हा वाचावी.

घराचंही तेच आहे. ३ एप्रिल २०२४ ला, रमजानच्या दिवसांत, औरंगाबादच्या म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरच्या शिलाईच्या दुकानाला पहाटे आग लागली. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या एकाच कुटुंबातले ७ जण गेले. ज्वाळा त्यांच्यापर्यंत पोचल्या नव्हत्या, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं. पोचला तो धूर.

पहाटेच हे असं का होतं, याचं कारण साधं आहे. आग दुपारी लागली तर माणसं जागी असतात, शटर वर असतं, कुणीतरी ओरडतं, बादली येते. रात्री शटर खाली असतं, सुताच्या किंवा फोमच्या ढिगाऱ्यात ठिणगी तासभर धुमसत राहिली तरी कुणाला कळत नाही, आणि झोपलेल्या माणसाला धुराचा वास येईलच याचा भरवसा नसतो. धुरातला कार्बन मोनॉक्साइड त्याला जाग यायच्या आधीच बेशुद्ध करू शकतो. फोम, रेक्झिन, पॉलिस्टर जळालं तर धूर आणखी विषारी होतो. ऑफिसांच्या भिंतीवर लावलेले नकाशे जाग्या, बूट घातलेल्या माणसासाठी असतात. आपला माणूस मात्र पोटमाळ्यावर चटई टाकून झोपलेला असतो.

कुलूप का लावतात

चोरीच्या भीतीने. आणि हे काही आजचं नाही. २५ मार्च १९११ ला न्यूयॉर्कमध्ये ट्रँगल शर्टवेस्ट कंपनीच्या शिलाई कारखान्यात आग लागली. इमारतीच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या मजल्यावर काम चालायचं. १४६ जण मेले. त्यातल्या बहुतेक इटालियन आणि ज्यू स्थलांतरित घरांतल्या तरुण मुली होत्या. नवव्या मजल्यावरचा एक दरवाजा कुलूपबंद होता, कारण मुलींनी कापड चोरून नेऊ नये म्हणून सगळ्यांना एकाच दाराने सोडून त्यांच्या पिशव्या तपासल्या जायच्या. बाहेरचा लोखंडी जिना माणसांच्या भाराने कोसळला. मालकांवर खटला चालला आणि ते सुटले, कारण त्या क्षणी दाराला कुलूप असल्याचं त्यांना माहीत होतं हे सिद्ध झालं नाही. मात्र त्या आगीनंतर न्यूयॉर्क राज्याने कारखान्यांची चौकशी करायला आयोग नेमला आणि एकामागून एक कायदे झाले.

शंभर वर्षांनी, ११ सप्टेंबर २०१२ ला, कराचीच्या बलदिया टाउनमध्ये अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्यात अडीचशेहून जास्त माणसं गेली. खिडक्यांना गज आणि बाहेर पडायची दारं बंद. काही आठवड्यांपूर्वीच या कारखान्याला कामगार-सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालेलं होतं. पुढे ही आग मुद्दाम लावल्याचं तपासात आलं आणि २०२० मध्ये दोघांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. पण आग लावली की लागली, हा प्रश्न कोर्टाचा. दारं उघडी असती तर इतकी माणसं आत अडकली नसती, एवढं कुणालाही कळतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ढाक्याजवळ ताझरीन फॅशन्समध्ये किमान ११२ जण गेले. तिथे अलार्म वाजल्यावर निघालेल्या कामगारांना 'काही नाही, कामावर बसा' असं सांगून परत पाठवल्याचं वाचलेल्या कामगारांनी सांगितलं. तिथले जिने खाली जिथे उतरत होते तिथेच, तळमजल्यावरच्या मालात, आग होती.

चोरीची भीती खोटी आहे असं आम्ही म्हणत नाही. महागडी जरी, तयार माल, मशिनचे पार्ट जातात, हे कारखानदारांना विचारा. पण त्यावर बाहेरून कुलूप हा एकच उपाय नाही. दार आतून उघडलं की मोठा भोंगा वाजेल अशी साधी यंत्रणा बाजारात मिळते. दाराच्या आतल्या बाजूला आडवी दांडी बसवता येते, ती ढकलली की दार उघडतं आणि बाहेरून मात्र उघडत नाही. तिला पॅनिक बार म्हणतात. कॅमेरा आहेच. काही ठिकाणी दाराशेजारी काचेच्या डबीत किल्ली टांगून ठेवतात. ते आम्हाला पटत नाही. धुरात ती डबी शोधायची, काच फोडायची, किल्ली लावायची, आणि तोवर मागून वीस जणांचा रेटा आलेला असतो.

कायदा काय सांगतो

१९४८ च्या कारखाने कायद्यातल्या कलम ३८ प्रमाणे आग लागल्यास सर्वांना सुरक्षित बाहेर पडता येईल अशी वाट हवी आणि ती वाट कामगारांना माहीत करून द्यायला हवी. हा कायदा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या परिस्थितीच्या संहितेत सामावला आहे. मात्र कारखाना ठरायला कामगारांची ठराविक संख्या लागते, आणि आपले आठ-दहा माणसांचे गाळे पुष्कळदा त्यातून निसटतात.

त्यांच्यासाठी महत्त्वाचा आहे तो महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६. यात माणसं मोजत बसत नाहीत, जागा पाहतात. जागेचा मालक किंवा ती वापरणारा, म्हणजे भाड्याने घेतलेला सेठसुद्धा, आगीपासून बचावाची साधनं बसवायला आणि ती चालू स्थितीत ठेवायला जबाबदार आहे. परवानाधारक एजन्सीकडून तपासणी करून त्याचं प्रमाणपत्र, ज्याला 'फॉर्म बी' म्हणतात, दर वर्षी जानेवारी आणि जुलैत अग्निशमन अधिकाऱ्यांकडे द्यायचं असतं. 'आम्ही तर भाडेकरू, घरमालकाला विचारा' हे उत्तर इथे चालत नाही.

मापं राष्ट्रीय इमारत संहितेत, २०१६ च्या आवृत्तीत आहेत. बाहेर पडायचं दार किमान १ मीटर रुंद आणि २ मीटर उंच हवं. ते माणसं जायच्या दिशेने उघडावं, कारण आत उघडणारं दार गर्दीच्या रेट्याने उघडतच नाही. आतून किल्ली लागता कामा नये. साध्या कारखान्यात कुठूनही बाहेरच्या वाटेपर्यंतचं अंतर ४५ मीटरपेक्षा जास्त नको, जास्त धोक्याच्या कामात २२.५ मीटर. लिफ्ट ही बाहेर पडायची वाट धरली जात नाही. वाटेत आरसा लावू नये, कारण धुरात माणूस त्यालाच दार समजतो. कपड्यांच्या दुकानदारांनी हे ध्यानात घ्यावं. आणि वर गुंडाळलं जाणारं किंवा सरकतं दार एक्झिट म्हणून बसवू नये, असं ही संहिता सांगते.

शटर

या शेवटच्या वाक्यावर थोडं थांबू, कारण आपला सगळा कारभार शटरवर आहे. शटर उष्णतेने वाकतं आणि खाचेत अडकतं. विजेवर चालणारं असेल तर वीज गेली की संपलं. बाहेरून कुलूप असेल तर आतल्याच्या हातात काहीच राहत नाही. एकाच शटरचा गाळा म्हणजे आग शटरजवळ लागली तर दुसरी वाटच नाही, आणि मीटर, मेन स्विच, गाडीचं चार्जिंग हे सगळं नेमकं शटरजवळच असतं.

नवीन गाळा घेताना दोन दारं पाहूनच घ्यावा, भाडं थोडं जास्त पडलं तरी. आहे त्या गाळ्यात काय करता येईल? मागच्या भिंतीला दार काढता येत असेल तर रीतसर परवानगी घेऊन ते सगळ्यात आधी करावं. ते शक्य नसेल तर खिडकीच्या ग्रिलचा एक भाग बिजागरीवर उघडणारा करून घ्यावा, मोठा माणूस सहज निघेल एवढा, आणि कडी आतून. कुलूप नको. वरचा मजला असेल तर खिडकीबाहेर पक्की लोखंडी शिडी लावावी. कायद्याच्या कागदावर ही शिडी म्हणजे जिना ठरणार नाही, पण जीव वाचवू शकते. गच्चीच्या दाराची कडी नेहमी आतून उघडेल अशी ठेवावी, आणि शेजारच्या गच्चीवर जाता येतं का हे शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवावं. मोहल्ल्यात भिंतीला भिंत असते, त्याचा निदान हा तरी फायदा व्हावा. शटरमध्येच छोटा दरवाजा बसवणं हे यातलं सगळ्यात कमी भरवशाचं, पण काही नसण्यापेक्षा बरं.

मग वाट मोकळी ठेवण्याचा प्रश्न. जिन्याखाली सुताचे कोन, दारात तागे, जिन्याच्या चौकात मोटारसायकल, बाजूला बॅटरी चार्जिंगला. सणाच्या आधी ऑर्डर वाढतात तेव्हा तर पाय ठेवायला जागा नसते. ईदच्या आधीचे पंधरा दिवस म्हणूनच सगळ्यात धोक्याचे: माल दुप्पट, माणसं जास्त, रातपाळी सुरू, वायरिंगवर जादा भार आणि सहेरीसाठी आतच स्टोव्ह. या दिवसांत तरी स्वयंपाक मालापासून दूर, दुसऱ्या जागी करावा. नमाजची सफ पुष्कळ कारखान्यांत जागा नाही म्हणून जिन्याच्या तोंडाशी किंवा दारात लागते. नमाज झाली की चटया आणि चपला तिथून लगेच उचलाव्यात.

झोपायचा प्रश्न आम्ही टाळणार नाही. कामाच्या जागी झोपणं बंद व्हायला हवं, हेच खरं उत्तर आहे. पण दरभंग्याहून आलेल्या मुलाला मुंबईत खोली परवडत नाही, हेही खरं आहे. तोवर निदान एवढं करावं: पोटमाळ्यावर कुणी झोपू नये, कारण धूर आधी वर जातो. दाराच्या जवळ, खाली झोपावं. मालाकडचा मेन स्विच रात्री बंद करावा. बॅटरीवर चालणारा धुराचा अलार्म झोपायच्या जागेच्या वर लावावा. लूमच्या अगदी जवळ लावला तर रुईच्या धुळीने तो उगाच वाजत राहील आणि मग कुणीतरी वैतागून त्याची बॅटरी काढून टाकेल. उशाशी टॉर्च हवी. आणि बाहेरून कुलूप कधीही, एका रात्रीसाठीसुद्धा, लावायचं नाही.

आग लागलीच तर

पहिलं काम आरडाओरडा. मोठ्याने 'आग, आग' म्हणत सगळ्यांना उठवा. आग बादलीएवढी असेल, पाठ दाराकडे असेल आणि सिलिंडर चालवता येत असेल तरच ती विझवायला थांबा. पिन ओढा, नळी ज्वाळेच्या बुडाशी धरा, मूठ दाबा आणि इकडून तिकडे फिरवा. छोटा सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आत रिकामा होतो. तेवढ्यात विझली नाही तर सोडून निघा. विजेच्या आगीवर पाणी टाकू नका.

निघताना दार मागे ओढून घ्या, पण कुलूप लावू नका. बंद दाराने धूर अडतो. धुरात उभं राहून धावू नका, गुडघ्यांवर आणि हातांवर रांगत, भिंतीचा हात न सोडता जा, कारण खाली हवा बरी असते. समोरचं दार उघडण्याआधी त्याला हाताची मागची बाजू लावून पाहा, गरम असेल तर दुसरी वाट धरा. कपड्याने पेट घेतला तर धावू नका, जमिनीवर लोळा. पॉलिस्टरची ओढणी किंवा बुरखा पटकन पेटतो आणि अंगाला चिकटतो, त्यामुळे ज्वाळेजवळून जायची वेळ आली तर तो आधी काढून टाका. त्या क्षणी संकोच करायचा नाही. कुठूनच वाट नसेल तर खिडकी असलेल्या खोलीत जा, दाराच्या फटीत ओले कपडे कोंबा आणि खिडकीतून कापड हलवून लोकांचं लक्ष वेधा. मोबाईल, पगाराचे पैसे, कागद यांसाठी परत आत जाऊ नका.

बाहेर आल्यावर पांगू नका. कोकणातले आपले जे भाईलोक सौदी, कुवेत, कतारला कंपनीत राहून आले आहेत त्यांना मस्टर पॉईंट काय असतो ते ठाऊक आहे: ठरलेल्या जागी जमायचं आणि मोजणी द्यायची. तीच पद्धत इथे आणायला एक पैसा लागत नाही. समोरची चहाची टपरी, चौकातला खांब, काहीही ठरवा. मोजायचं तर आत किती होते हे माहीत हवं, आणि इथेच आपली गाडी अडते. पाहुणा म्हणून आलेला भाऊ, गावाहून कालच आलेला चुलतभाऊ हजेरीत नसतो. रात्री कोण कोण झोपलं याची वही दाराबाहेर, चहावाल्याकडे किंवा वॉचमनकडे ठेवा. ज्याचं नाव कुठेच नाही त्याला आत शोधायलाही कुणी जात नाही, आणि नंतर त्याच्या घरच्यांना भरपाई मागतानाही तेच आडवं येतं.

महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी म्हणा, दिवे बंद करून सगळ्यांनी एकदा बाहेर पडून दाखवावं. बारा माणसांच्या कारखान्यात याला दहा मिनिटं लागत नाहीत. पहिल्या वेळी हसतील. दुसऱ्या वेळी कुणीतरी म्हणेलच की तो बीम वाटेत आहे.

बोलायचं कुणी

कारीगर एकटा सेठला म्हणाला की कुलूप लावू नका, तर त्याला 'उद्यापासून येऊ नकोस' असं ऐकावं लागू शकतं. म्हणून चार जणांनी मिळून, किंवा दोघांच्या ओळखीच्या वडीलधाऱ्या माणसामार्फत बोलावं. तरी ऐकलं नाही तर महापालिकेच्या किंवा एमआयडीसीच्या अग्निशमन विभागाकडे लेखी तक्रार करता येते, कारखाना मोठा असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे.

आणि घरच्यांनी. मुलगा कामाला मुंबई-पुण्याला गेला की आपण फोनवर विचारतो, जेवलास का, पगार झाला का. त्यात एवढी भर घाला: 'बेटा, झोपतोस कुठे? रात्री दार आतून उघडतं का? मागून वाट आहे का?' तो म्हणाला, 'अम्मी, सेठ बाहेरून बंद करून जातो,' तर त्याच दिवशी ओळखीच्या कुणाला तरी तिथे पाठवा.

अग्निशमन दलाचा नंबर १०१, आणि ११२ वरूनही मदत मिळते. फोन बाहेर आल्यावरच करा. आधी पत्ता सांगा, गाळा नंबर आणि जवळची खूण सांगा, काय जळतंय ते सांगा आणि आत किती जण आहेत ते सांगा. गल्ली अरुंद असेल तर तेही सांगा आणि एका मुलाला मोठ्या रस्त्यावर गाडी दाखवायला उभा करा.